जकातीच्या हिशेबात बहिणीचा वाटा कुठे?

रमजान हा रोज्यांचा महिना, तसाच तो हिशेबाचाही महिना आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रक्कम वर्षभर बाळगणाऱ्या मुसलमानाला अडीच टक्के जकात द्यावी लागते. बहुतेक घरांत हा हिशेब याच महिन्यात होतो. दुकानातला माल, बँकेतली शिल्लक, लोकांकडून यायची उधारी, सारे कागदावर मांडले जाते. एखाद्या दागिन्याबद्दल शंका आली तर मौलाना साहेबांना विचारले जाते. एवढ्या काटेकोर हिशेबात एक रकाना मात्र वर्षानुवर्षे कोरा राहतो. वडिलांच्या मागे राहिलेल्या घरातला, दुकानातला आणि शेतातला बहिणीचा वाटा त्यात कुणी लिहीत नाही.

मुस्लिम स्त्रीच्या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत भरपूर चर्चा झाली. तिहेरी तलाकवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2017 मध्ये आला, त्यावरचा कायदा 2019 मध्ये झाला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागू शकते, हे न्यायालयाने जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. समान नागरी कायद्यावरचा वाद तर चालूच आहे. या सगळ्या गदारोळात वारशाचा प्रश्न मागे पडतो. तलाक थोड्या घरांत होतो. वाटणीचा प्रश्न मात्र प्रत्येक घरात कधी ना कधी येतो, आणि बहुतेक ठिकाणी तो आवाज न होता मिटवला जातो.

या बाबतीत धर्माचा आदेश मुळीच संदिग्ध नाही. कुरआनातल्या एका सूरहचे नावच 'निसा', म्हणजे 'स्त्रिया', असे आहे. आईवडील आणि नातलग जे मागे ठेवतात, ते थोडे असो वा फार, त्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही ठरलेला हिस्सा आहे, असे या सूरहची सातवी आयत सांगते. पुढे अकराव्या आणि बाराव्या आयतीत कुणाला किती, याचे अपूर्णांकच दिले आहेत. हदीसच्या ग्रंथांत या आदेशामागची एक घटना नोंदवलेली आहे. उहुदच्या लढाईत सअद बिन रबी शहीद झाले, तेव्हा त्यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. सअद यांची विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे दाद मागायला गेली. निकाल असा झाला की दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश विधवेला आणि उरलेले भावाला. चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईच्या तक्रारीवरून पुरुषाच्या हातची मालमत्ता सुटली होती. आजच्या बहिणीला मात्र तक्रार करणेच निर्लज्जपणाचे वाटावे, अशी व्यवस्था समाजाने करून ठेवली आहे.

रिवाजाने धर्माच्या आदेशावर मात करण्याचा इतिहासही जुना आहे. मुंबईत 1847 साली खोजा समाजातल्या मुलींनी कुरआनाप्रमाणे वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्या न्यायालयाने जमातीचा रिवाज मोठा ठरवला आणि मुलींचा दावा फेटाळला. असे रिवाज बाजूला सारण्यासाठी 1937 चा शरियत कायदा आला. पण त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. दक्षिणेतल्या काही राज्यांनी पुढे दुरुस्ती करून ती उणीव भरून काढली.

शेजारच्या हिंदू घरातले चित्र वेगळे आहे का? कायदा वेगळा आहे, चित्र फारसे वेगळे नाही. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, असा निर्वाळा दिला. तरीही वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीची धावपळ सुरू झाली की बहिणीला बोलावणे येते ते हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी. भाऊ साडी-चोळी करतो, जेवण होते, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा उमटतो. 'माहेर तुटायला नको' हे वाक्य तिथे मराठीत ऐकू येते आणि 'मायका छूट जाएगा' हे उर्दूत. भाषा दोन, भीती एकच.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, चोवीस लाखांचे स्वतःच्या कमाईचे घर मागे ठेवून आणि मृत्युपत्र न करता एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. कुटुंब हिंदू असेल तर चौघांना प्रत्येकी सहा लाख. मुस्लिम असेल तर पत्नीला एक अष्टमांश म्हणजे तीन लाख, मुलाला साडेदहा लाख आणि प्रत्येक मुलीला सव्वापाच लाख. दोन कायद्यांत फरक आहे आणि त्यावर वाद व्हायलाच हवा. पण प्रत्यक्षात दोन्ही घरांत मुलींच्या हाती बहुधा शून्यच पडते. सहा लाखांचेही शून्य आणि सव्वापाच लाखांचेही शून्य!

मुलाला दुप्पट का, या प्रश्नाला नेहमी एक उत्तर दिले जाते: पत्नी, मुले, गरज पडल्यास आई आणि बहीण यांचा खर्च पुरुषाने करायचा असतो, स्त्रीवर तो भार नाही. हे उत्तर मान्य करायचे तर ते पुरते मान्य करावे लागेल. दुप्पट वाटा घेतलेला भाऊ विधवा किंवा सोडून दिलेल्या बहिणीचा भार उचलतो का? आज शिवणकाम करून, शिकवण्या घेऊन, नोकरी करून घर चालवणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. जबाबदारी पाळायची नाही आणि तिच्या नावावर दुप्पट घ्यायचे, वर बहिणीचा एकपटही ठेवून घ्यायचा, याला शरियतही म्हणता येत नाही आणि न्यायही म्हणता येत नाही.

'तिच्या लग्नात खर्च केला, जहेज दिला, तोच तिचा वाटा' हा दुसरा युक्तिवाद. इस्लामी कायद्यात माणूस हयात असताना त्याचा वारसा उघडतच नाही. त्यामुळे लग्नातले देणेघेणे वाटणीत वळते करून घेता येत नाही. शिवाय खर्च मुलाच्या शिक्षणावर आणि त्याच्या लग्नावरही होतो. तो कुणी त्याच्या हिश्श्यातून कापत नाही.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट रमजानमध्येच दिसते. जकात गरजू बहिणीला देता येते, आणि अनेक भाऊ ती देतातही. ईदच्या आधी पाकिटात काही हजार रुपये आणि एक जोडी कपडे. बहीण डोळे पुसून दुवा देते. पण त्याच भावाच्या ताब्यात तिचे लाखो रुपये अडकलेले असतील, तर ते पाकीट म्हणजे उपकार कसा? जिचे देणे आहे, तिलाच दान घेणारी बनवण्याचा हा प्रकार आहे. जकात स्वतःच्या मालातून द्यायची असते. दुसऱ्याचा हिस्सा मिसळलेल्या ढिगातून काढलेले अडीच टक्के तो हिस्सा फेडत नाहीत.

वाट अवघड असली तरी बंद नाही. वारसनोंदीच्या अर्जात सर्व वारसांची, म्हणजे मुलींचीही, नावे लावणे ही पहिली पायरी. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव आले की बहिणीला विचारल्याशिवाय व्यवहार करणे कठीण होते. बहिणीला खरोखरच हिस्सा सोडायचा असेल, तर आधी तो तिच्या नावावर आणि ताब्यात येऊ द्यावा. मग काही काळाने, कुणी समोर बसलेले नसताना, तिने ठरवावे. ज्यांना मुलीला मुलाइतकेच द्यायचे आहे, त्या वडिलांना हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीसपत्र, करता येते. एकाच मुलाला दिलेल्या भेटीला साक्षीदार राहायला पैगंबरांनी नकार दिला होता, हेही हदीसमध्ये नोंदलेले आहे.

जुम्याच्या खुतब्यात नमाज, रोजा आणि जकातीवर बोलले जाते, तसे मिरासवर, म्हणजे वारशाच्या वाटपावरही बोलले जावे. कीर्तन-प्रवचनांतूनही हा विषय यावा. ईदला अजून दिवस आहेत. जकातीची वही उघडीच आहे, तर त्यात आणखी एक रकाना आखायला वेळ लागणार नाही. भावाने तो स्वतःहून भरला, तर बहिणीला माहेर आणि हक्क यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.