अभियंत्यांची पंगत

अभियंत्यांच्या क्लबची दुपारची सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा साचा ठाऊक असतो. हॉटेलचे सभागृह, गोल टेबले, आधी सूप, मग शीतकडी आणि तळलेले नुस्ते, शाकाहाऱ्यांसाठी वेगळा कोपरा. जेवण संपत आले की अध्यक्ष उठतात, पाहुण्याची ओळख होते, पाऊण तासाचे भाषण, पडद्यावर चित्रे, दोन-चार प्रश्न, स्मृतिचिन्ह आणि आभार. तीनच्या आत मंडळी आपापल्या कामाला. बाहेरचे लोक थट्टेने म्हणतात, "हे जेवायला जमतात, भाषण तोंडी लावायला!"

मला ही थट्टा पटत नाही. अशा काही सभांना मी पाहुणा म्हणून बसलो आहे आणि पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी तिथे ऐकल्या आहेत. माझी तक्रार उलटी आहे. तिथे इतके मोलाचे बोलले जाते, तर ते त्या सभागृहाबाहेर का पडत नाही?

ही पंगत काही आजकालची नव्हे. 1771 साली लंडनच्या हॉलबर्न भागातल्या 'किंग्ज हेड' या खाणावळीत जॉन स्मीटन आणि त्याचे सहकारी एकत्र जेवू लागले. पार्लमेंटचे अधिवेशन असले की कालव्यांच्या आणि बंदरांच्या विधेयकांवर साक्ष द्यायला देशभरचे अभियंते लंडनला येत. दिवसा समितीपुढे एकमेकांची मते खोडायची आणि संध्याकाळी एका टेबलाला बसायचे. त्यातून कटुता कमी होई, अनुभव वाटला जाई. ही मंडळी आजही जेवणासाठी जमते.

पुढे 1818 साली फ्लीट स्ट्रीटवरच्या 'केंडल कॉफी हाऊस'मध्ये काही तरुण अभियंत्यांनी दुसरी संस्था काढली. 1820 मध्ये थॉमस टेलफर्ड तिचे पहिले अध्यक्ष झाले. प्रत्येक बैठकीत कोणीतरी आपल्या कामावर निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि ती चर्चा लिहून ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. 1837 पासून ही कार्यवृत्ते छापली जाऊ लागली. कुठला पाया खचला, कुठला बांध फुटला, कोणी काय उपाय केला, हे सारे त्यांत आले. पहिली संस्था स्नेहभोजनाची राहिली, दुसरी त्या व्यवसायाची जगातली एक मोठी शाळा झाली. गप्पा दोन्हीकडे होत्या, लेखणी मात्र दुसरीकडे होती.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना पुन्हा सुरू झालेल्या फेरीबोटी आणि धक्क्यावरच्या रांगा आठवतील. पण पूल का पडला, हे किती जणांना सांगता येईल? त्या पुलाच्या काँक्रीटच्या पोटात ताण दिलेल्या पोलादी तारा होत्या आणि त्यांना गंज चढला होता. 1983 साली खुल्या झालेल्या जुवारी पुलावरही पुढे अवजड वाहनांना बंदी घालावी लागली. 2019 मध्ये मांडवीवर अटल सेतू आला, डिसेंबर 2022 मध्ये जुवारीवर नवा पूल. आपण त्यांवरून जातो, फोटो काढतो. जुन्या पुलांनी काय शिकवले आणि नव्यांत त्याची काय काळजी घेतली, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

हा विषय केवळ पुलांचा नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांच्या सज्जाखाली गिलावा सुटून तांबडी सळी दिसू लागलेली असते. खारी हवा आणि ओल काँक्रीटमध्ये शिरते, सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फाटते, फटीतून आणखी ओल आत जाते. वरून सिमेंट थापून हा रोग बरा होत नाही. ही साधी गोष्ट समजली तर किती गृहनिर्माण संस्थांचे पैसे वाचतील आणि कदाचित जीवही! जुलै 2023 मध्ये कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले तेव्हा आपण कोणाला धरावे यावर पुष्कळ भांडलो. ते भांडण रास्तच होते. पण छत उभे कशावर राहते आणि जुने झाल्यावर त्याची तपासणी कशी करतात, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगणारे आवाज फार थोडे होते.

"सामान्य माणसाला हे कळणार नाही," असे काही अभियंते म्हणतात. तसे म्हणणाऱ्यांनी एकदा खाजन शेतीचा बांध पाहून यावा. भरतीचे खारे पाणी चढले की त्याच्याच दाबाने मानशीची दारे बंद होतात, ओहोटी लागली की आतले पाणी ती उघडून बाहेर पडते. ही व्यवस्था गावकरीने शतकानुशतके सांभाळली. 1526 च्या फोरालमध्ये पोर्तुगीजांनी गावकरीच्या ज्या रूढी नोंदवल्या, त्या त्यांच्या येण्याआधीपासून चालत आलेल्या होत्या. बांध कधी बांधायचा, खर्च कोणी उचलायचा, हे गावातच, गावच्या भाषेत ठरत होते. पाण्याचा दाब ज्यांच्या पूर्वजांना कळला, त्यांना काँक्रीटमधला ताण का कळू नये?

भाषेची अडचणही वाटते तितकी मोठी नाही. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीतून विज्ञान सांगत आली आहे. 'प्रिस्ट्रेस्ड काँक्रीट'ला जडजंबाल संस्कृत शब्द शोधायची गरज नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, थंड झाली की ती आवळते आणि लाकडाचे तुकडे घट्ट धरते. पुलातल्या तारा काँक्रीटला तशाच आवळून धरतात. एवढे सांगितले की कोणालाही पुढचे ऐकावेसे वाटेल.

एक आक्षेप मात्र खरा आहे. चार भिंतींच्या आत माणूस मोकळेपणी बोलतो. निवृत्त अभियंता सोलकढी पिता पिता 'आमचे इथे चुकले' असे सांगतो, ते तो वार्ताहरांसमोर सांगणार नाही. हा मोकळेपणा गमावून चालणार नाही, तोच तर या पंगतीचा प्राण आहे. म्हणून जेवणे बंद करा किंवा दारे सताड उघडा, असे मी म्हणत नाही. माझ्या सूचना तीनच आहेत. प्रत्येक भाषणाचा दोन पानांचा सारांश मराठीत आणि कोंकणीत लिहावा, वक्त्याला दाखवावा, कोणाचे नाव न घेता धडा तेवढा ठेवावा आणि तो गावोगावच्या वाचनालयांत पाठवावा. दुसरे, वर्षातली तीन-चार भाषणे जेवणाशिवाय, संध्याकाळी, एखाद्या तालुक्याच्या गावी देवळाच्या किंवा पंचायतीच्या सभागृहात व्हावीत. तिसरे, दुपारच्या टेबलावर दर खेपेस दोन खुर्च्या बाहेरच्यांसाठी असाव्यात. एक फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला, दुसरी एखाद्या पंच सदस्याला, शिक्षकाला किंवा गवंड्याला. गवंड्याचे प्रश्न कदाचित सर्वांत अवघड असतील!

दर 15 सप्टेंबरला अभियंता दिनी विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. पुण्यात शिकलेल्या या माणसाने 1903 साली खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारे बसवली. यंदा हारासोबत एवढेच करावे: एखाद्या गावात जाऊन तिथल्या लोकांना ती दारे समजावून सांगावीत आणि मग त्यांच्याकडून त्यांची मानस समजून घ्यावी. रविवारच्या ग्रामसभांत रस्ते, पूल आणि बांध यांवरून आपण तावातावाने भांडतो. त्या भांडणाला थोडी माहितीची जोड मिळाली, तर अधिकाऱ्यांना गुळमुळीत उत्तरे देऊन सुटता येणार नाही.