पक्षनिष्ठा आणि पदाची पात्रता

‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे, की तो मूळचा मराठी नाही याची कोणाला आठवणही राहत नाही. त्याचे जन्मगाव चंदीगड. १९६७ साली हरियाणाच्या विधानसभेत गया लाल नावाचे एक अपक्ष आमदार निवडून आले. त्यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला आणि पुढे अवघ्या पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला. त्यांतील शेवटची उडी तर नऊ तासांच्या आत मारली. राव बीरेंद्रसिंह यांनी त्यांना चंदीगड येथे पत्रकारांपुढे उभे केले आणि गयाराम आता आयाराम झाल्याचे जाहीर केले. विनोद देशभर पसरला. त्या विनोदाखाली जो प्रश्न दडला होता, तो मात्र अजून सुटलेला नाही. लोकप्रतिनिधीची निष्ठा कोणाशी असावी आणि एखाद्या पदासाठी माणूस लायक आहे हे कशावरून ठरवावे, हा तो प्रश्न होय.

त्या काळी पक्षांतराचा असा काही सुळसुळाट झाला, की केंद्र सरकारला गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमावी लागली. १९६९ साली आलेल्या तिच्या अहवालातील एक आकडा कोणत्याही भाष्यावाचून पुरेसा बोलका आहे. सात राज्यांतील ज्या २१० आमदारांनी पक्षांतर केले, त्यांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच पक्षांतरामुळे अस्तित्वात आलेल्या मंत्रिमंडळांत स्थान मिळाले. म्हणजे निम्म्याहून अधिक! मंत्रिपदासाठी प्रशासनाची जाण, अभ्यास, अनुभव यांची गरज असते असे सर्वसाधारण माणूस समजतो. येथे ऐन वेळी कुंपण ओलांडण्याची तयारी हीच पात्रता ठरली होती.

यावरून पक्षनिष्ठा हाच सद्गुण आणि पक्षत्याग हाच दुर्गुण, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो निष्कर्ष अपुरा आहे. १९५६ साली चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. देशमुख हे पक्षाच्या सतरंज्या उचलून वर आलेले कार्यकर्ते नव्हते. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि अर्थखात्याला लागणारी पात्रता त्यांच्या ठायी होती याविषयी कोणी शंका घेतली नाही. त्यांनी आपल्या सरकारची साथ सोडली, ती पद मिळवण्यासाठी नव्हे. ती सोडताना हातातले पद गेले. गया लाल आणि देशमुख या दोघांनीही आपला गोट सोडला, पण त्या दोन कृती एका तागडीत तोलता येत नाहीत. सोडताना माणसाने काय गमावले आणि काय मिळवले, हे पाहिल्यावाचून निष्ठेचा हिशेब लागत नाही.

चंदीगडनेच अलीकडच्या काळात या प्रश्नाची दुसरी, अधिक अवघड बाजू दाखवून दिली आहे. हे शहर पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे. शिवाय ते स्वतः केंद्रशासित प्रदेश आहे. त्याला विधानसभा नाही. त्यामुळे पस्तीस नगरसेवकांची महानगरपालिका आणि एकुलता एक खासदार एवढेच शहराचे लोकनियुक्त प्रतिनिधित्व. महापौराच्या निवडणुकीत या खासदारालाही मत असते, म्हणून एकूण मते छत्तीस. महापौराची मुदत अवघी एक वर्ष. काही वर्षी पद महिलांसाठी, तर एका वर्षी अनुसूचित जातीसाठी राखीव असते. कचऱ्याचा डोंगर, पाण्याचे दर, पालिकेची तंगी अशा कोणत्याही प्रश्नात हात घालावा, तोवर पुढच्या निवडणुकीची गडबड सुरू होते.

३० जानेवारी २०२४ रोजी या पदासाठी मतदान झाले. आम आदमी पक्ष आणि काँग्रेस यांच्या आघाडीकडे वीस मते होती, भारतीय जनता पक्षाच्या बाजूला सोळा. गणित पहिलीच्या मुलालाही सुटावे असे. तरीही निकाल जाहीर झाला तो भाजपचे उमेदवार मनोज सोनकर सोळा विरुद्ध बारा मतांनी विजयी झाल्याचा, कारण पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी आघाडीचे उमेदवार कुलदीप कुमार यांना पडलेली आठ मते बाद ठरवली होती. चंदीगडमध्ये स्वतः उमेदवार नसलेल्या नगरसेवकाला या निवडणुकीसाठी पीठासीन अधिकारी म्हणून नेमण्याची रीत आहे. मसीह हे भाजपशी संबंधित असलेले नामनिर्देशित नगरसेवक होते. ते मतपत्रिकांवर खुणा करीत असल्याचे कॅमेऱ्याने टिपले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने मतपत्रिका स्वतः मागवून पाहिल्या, ती आठही मते वैध ठरवली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी कुलदीप कुमार यांना महापौर म्हणून घोषित केले. मसीह यांच्यावर कारवाई सुरू करण्याचाही आदेश झाला.

आता पात्रतेचा प्रश्न येथे नेमका कोठे उभा राहतो, ते पाहण्यासारखे आहे. पीठासीन अधिकाऱ्याच्या खुर्चीला विद्वत्ता लागत नाही, वक्तृत्व लागत नाही. मते मोजताना आपण कोणाचे आहोत हे विसरता येणे, एवढी एकच लायकी तिला पुरते. पक्षाच्या सभेत, प्रचारात जी निष्ठा भूषण ठरते, तीच निष्ठा या खुर्चीवर बसताना सोबत आणली तर माणूस अपात्र ठरतो. पंच संघाचा खेळाडू असून चालत नाही, हे गावच्या कबड्डीच्या मैदानावरही सर्वांना कळते. तेव्हा दोष एका व्यक्तीवर टाकून मोकळे होणे सोपे असले, तरी ज्या व्यवस्थेने पक्षाच्या माणसालाच मते मोजायला बसवले, ती निर्दोष कशी म्हणावी?

याच प्रकरणाचा आणखी एक पदर आहे. न्यायालयातील सुनावणीच्या आदल्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, सोनकर यांनी महापौरपदाचा राजीनामा दिला आणि आम आदमी पक्षाचे तीन नगरसेवक भाजपमध्ये दाखल झाले. मतदान नव्याने घेतले गेले असते तर तराजूचे पारडे दुसरीकडे झुकले असते. न्यायालयाने फेरमतदान न घेता पडलेलीच मते मोजली, म्हणून ते टळले. त्या तिघांपैकी काही जण पुढे स्वगृही परतलेही. पुढच्या वर्षी, ३० जानेवारी २०२५ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर यांच्या देखरेखीखाली महापौराची निवडणूक निर्वेध पार पडली. आघाडीकडे पुन्हा वीस मते होती. मिळाली सतरा. भाजपच्या हरप्रीत कौर बबला एकोणीस मतांनी विजयी झाल्या; त्या स्वतः २०२१ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर नगरसेवक झाल्या होत्या. मोजणी चोख झाली, आणि तरी तीन मते वाटेत फुटली. कोणाची, ते गुप्त मतदानामुळे कळण्याचा मार्ग नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटणार नाही. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची निवडणूक जवळ आली की सदस्य अचानक ‘सहली’वर जातात, त्यांचे भ्रमणध्वनी बंद होतात आणि मतदानाच्या सकाळी ते एकाच बसमधून उतरतात. निवडून दिलेल्या माणसांना असे राखणीत ठेवावे लागते, यातच पक्षांचा आपल्या उमेदवारांवर किती विश्वास आहे ते दिसते. मात्र कायद्याच्या बाबतीत दोन ठिकाणांत फरक आहे. संसद आणि विधिमंडळांसाठी १९८५ साली राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व त्यानुसार जाते. हे परिशिष्ट स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू नाही. महाराष्ट्राने त्यासाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा केला. चंदीगडच्या नगरसेवकांना मात्र असे कोणतेही बंधन नव्हते.

चंदीगडने शोधलेला उपाय वेगळा होता. २०२५ च्या जूनमध्ये प्रशासक गुलाबचंद कटारिया यांनी महापौराच्या निवडणुकीत गुप्त मतदानाऐवजी हात उंचावून मतदान घेण्यास मान्यता दिली. मत फुटले तर ते कोणाचे, हे आता सर्वांना दिसेल. घोडेबाजाराला यामुळे आळा बसेल, हे खरे. पण उघड हात हा मतदारांना जसा दिसतो तसाच पक्षाच्या नेत्यालाही दिसतो. स्वतःच्या पक्षाचा उमेदवार नालायक आहे, अशी एखाद्या नगरसेवकाची प्रामाणिक खात्री असली, तरी हात वर करताना ती खात्री खिशात ठेवावी लागणार. निष्ठेची हमी मिळते, पात्रतेची पारख तेवढी अवघड होते. चंदीगडचे खासदार मनीष तिवारी यांनी संसदेत २०१०, २०२१ आणि २०२५ मध्ये मांडलेल्या खासगी विधेयकांचा रोख याच दुखण्यावर होता. सरकारच्या अस्तित्वाशी व अर्थव्यवहाराशी संबंधित मतदान वगळता इतर वेळी खासदारांना स्वतःच्या बुद्धीने मत देता यावे, असे त्यांत सुचवले होते. सूचना विचारार्ह आहे. सरकार टिकवण्यापुरता पक्षादेश आणि बाकी विषयांत विवेक, ही वाटणी स्थानिक संस्थांनाही मानवेल. पदाधिकाऱ्यांच्या निवडीत तर तिची गरज अधिक.

तूर्त मतदाराच्या हाती काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि स्वतःवरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागतात. ही माहिती कोणालाही पाहता येते. परंतु त्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराने आजवर किती पक्ष बदलले आणि प्रत्येक बदलानंतर त्याला कोणते पद मिळाले, यासाठी रकाना नाही. मागील मुदतीत सभागृहाच्या किती बैठकींना तो हजर होता, किती प्रश्न विचारले, आपल्या प्रभागासाठी आलेला निधी कोठे खर्च केला, यासाठीही नाही. असे तीन-चार रकाने वाढवायला घटनादुरुस्ती लागत नाही. ते येईपर्यंत प्रचारासाठी दारात आलेल्या उमेदवाराला हेच प्रश्न तोंडी विचारण्यास कोणाचीही आडकाठी नाही.