कुलूप जाहीर, किल्ली ज्याची त्याची

गुप्तता हा राज्यकर्त्यांचा विशेषाधिकार आहे, असा समज शतकानुशतके रूढ होता. त्याला व्यावहारिक कारणही होते. जुन्या सांकेतिक लेखनात मजकूर बंद करण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असे, व ती विश्वासू दूताकरवी आधी पोहोचवावी लागे. असे दूत पोसणे सरकारांनाच परवडत होते.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी ही अडचण मुळातूनच दूर करणारा विचार मांडला. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असाव्यात; बंद करण्याची जगजाहीर, उघडण्याची केवळ स्वतःपाशी. पुढल्याच वर्षी रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन यांनी त्यासाठी गणित शोधले. ६१ आणि ५३ या मूळ संख्यांचा गुणाकार ३२३३ होतो, हे शाळकरी मूलही सांगेल. पण नुसते ३२३३ हाती देऊन त्याचे अवयव विचारले, तर बराच वेळ जाईल. संख्या सहाशे अंकी असेल, तर आजचे बलाढ्य संगणकही हात टेकतात. गुणाकार जाहीर करावा, अवयव स्वतःपाशी ठेवावेत, एवढेच या पद्धतीचे मर्म.

हीच पद्धत ब्रिटिश सरकारच्या सेवेतील क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ सालीच शोधली होती. ती १९९७ पर्यंत सरकारी दप्तरात बंद राहिली आणि सामान्य नागरिकाच्या उपयोगी पडली नाही. उघडपणे प्रसिद्ध झालेले संशोधन मात्र जगभर पडताळले गेले, आणि बँकेच्या व्यवहारांपासून खाजगी संदेशांपर्यंत सर्वांचे संरक्षक ठरले.

आता सरकारांना या संरक्षणाला अपवाद हवा आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, आदेश मिळताच संदेशाचा मूळ प्रेषक ओळखून देण्याचे बंधन घातले. गुन्हेगार शोधले पाहिजेत, याविषयी दुमत नाही. संशयिताची झडती न्यायालयाच्या अनुमतीने जरूर घ्यावी. परंतु एका संशयितासाठी सर्वांच्या पत्रव्यवहाराची रचनाच बदलणे, ही झडती नव्हे. ती कायमची पाळत होय. शिवाय पोलिसांसाठी ठेवलेली फट चोराला वर्ज्य राहील, अशी हमी कोणतेही गणित देत नाही.

संप संघटित करणारा कामगार, भ्रष्टाचाराची कागदपत्रे पाठविणारा कारकून, अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री, यांना दूत पोसणे कधीच परवडणारे नव्हते. त्यांच्या हाती आलेली किल्ली परत मागितली जात असताना हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देणे आपल्याला परवडणार नाही.