कांद्याचे दार आतून बंद

4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ या आशिया-प्रशांत मुक्त व्यापार करारातून माघार घेतली आणि नगर जिल्ह्यातल्या दूधउत्पादकांचा जीव भांड्यात पडला. माघार योग्यच होती. दोन-चार संकरित गाईंवर घर चालवणाऱ्या संगमनेर-राहात्याच्या शेतकऱ्याला त्या करारातल्या न्यूझीलंडसारख्या देशाशी झुंजायला लावणे अन्यायाचे ठरले असते. तिथले बहुतांश दूध निघते तेच निर्यातीसाठी.

पण तेव्हापासून एक सिद्धांत रूढ झाला आहे: मुक्त व्यापाराचा करार म्हणजे शेतकऱ्याचे मरण, कराराबाहेर राहणे म्हणजे त्याचे रक्षण. तो मला साफ अमान्य आहे. 1 जून 2017 ला नगर जिल्ह्यातल्याच पुणतांबा गावाच्या हाकेवर शेतकरी संपावर गेला आणि दूध रस्त्यावर ओतले गेले, तेव्हा कुठे होता आरसेप? दूधभुकटीवर 60 टक्के आयातशुल्क होते, तरी 2018 च्या जुलैत दूधदरासाठी पुन्हा आंदोलन करावे लागले. आयातशुल्क बाहेरची भुकटी अडवते. संकलन केंद्रावरचा दर ते ठरवत नाही.

आणि कांदा? आरसेप नाकारण्याच्या महिनाभर आधी, 29 सप्टेंबर 2019 ला, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. म्हणजे एकाच हंगामात दूधवाल्याला वाचवले आणि कांदेवाल्याला बुडवले. पारनेर-राहुरीत ही दोन्ही माणसे एकाच घरात असतात! बांगलादेश तेव्हा आपल्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक. तिथल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या, बंदी घालायची तर आधी कळवत जा. तरी 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा अचानक बंदी आली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, 8 डिसेंबरला पूर्ण बंदी; ती उठली 4 मे 2024 ला. दरम्यान गिऱ्हाइकाने दुसरी दुकाने शोधली. हे नुकसान कोणत्याही परदेशी कराराने केलेले नाही.

कोणी म्हणेल, भारत आणि बांगलादेश ‘साफ्टा’ या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात होतेच, मग करार काय कामाचा? साफ्टाचा मुख्य भर आयातशुल्क उतरवण्यावर आहे, आणि अन्नटंचाईत तात्पुरत्या निर्यातबंदीची मुभा ‘गॅट’ या जागतिक व्यापार कराराच्या 11 व्या कलमातच आहे. ही पळवाट बुजवणारा करार हवा: बंदीपूर्वी किमान महिन्याची सूचना, आधी झालेल्या सौद्यांना आणि वाटेवरच्या मालाला सूट. शहरातल्या ग्राहकाला दिलासा जरूर द्यावा, पण तो सरकारी साठ्यातून. चाळीतल्या कांद्याचे मोल पाडून नव्हे.

असा करार केला तर दूधही खुले करावे लागेल, ही भीतीही खरी नाही. 2022 च्या ऑस्ट्रेलिया करारात आपण दुग्धपदार्थ वगळलेच आहेत. त्यामुळे नेप्ती-घोडेगावच्या लिलावात कांदा विकणाऱ्यांनी आपल्या खासदाराकडे करारविरोध नव्हे, तर निर्यातबंदीला वेसण घालणारे हे कलम मागावे, आणि पहिली मागणी बांगलादेशाशी करायच्या वाटाघाटींसाठी करावी.