हाड आणि रक्त यांचा शेजारधर्म

पन्हाळगडाच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती ही तीन धान्यकोठारे आजही उभी आहेत. जाड दगडी भिंती आणि आत साठा. आपल्या हाडांविषयीची समजूतही बहुधा अशीच असते: बाहेर कठीण कवच आणि आत निमूट पडून असलेली मज्जा. हाडांची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे भिंतीही जिवंत असतात आणि आतील ऐवजाशी त्यांचा अखंड व्यवहार चालू असतो.

रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. ही झीज भरून काढण्यासाठी दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी घडाव्या लागतात. त्यांचा उगम मज्जेतील मूळपेशींमध्ये, म्हणजेच स्टेम सेलमध्ये आहे. प्रौढपणी ही कार्यरत मज्जा मुख्यतः मणके, कंबर, छाती आणि बरगड्या यांच्या हाडांत असते.

मूळपेशींना टिकण्यासाठी विशिष्ट शेजार लागतो, ही कल्पना रे स्कोफील्ड या शास्त्रज्ञाने १९७८ साली मांडली. हाड घडविणाऱ्या पेशी वाढविल्या की मूळपेशींची संख्याही वाढते, असे २००३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. पुढील संशोधनाने मज्जेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी यांचाही या शेजारात मोठा वाटा असल्याचे दाखविले.

या नात्याचा प्रत्यय अस्थिमज्जा प्रत्यारोपणात येतो. भारतात ते प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी यशस्वी केले. या उपचारात मूळपेशी हाडात टोचत नाहीत. रक्त चढवावे तशा त्या शिरेतून देतात. मज्जेतील पेशींनी सोडलेल्या रासायनिक संकेतांचा माग काढीत त्या आपले घर स्वतःच शोधतात.

वार्धक्यात मज्जेतील चरबी वाढते आणि हाड घडविण्याचा वेग मंदावतो. तरीही ‘वय झाले, रक्त कमी असायचेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. लोह वा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मूत्रपिंडाचा विकार, पोटातील छुपा रक्तस्राव अशी निश्चित कारणे अनेकदा सापडतात. परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू केल्यास असा रक्तस्राव दीर्घकाळ लपून राहू शकतो.

पाठदुखी आणि पांडुरोग एकत्र आले, तर अधिक सावध व्हावे. मल्टिपल मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात रोगट पेशी हाड घडविणाऱ्या पेशींना दडपतात, हाड झिजविणाऱ्यांना चेतवितात आणि रक्तनिर्मितीही खुंटवितात. पाठ दुखते म्हणून मलम आणि थकवा येतो म्हणून टॉनिक, अशी वाटणी झाली की निदान लांबते.

म्हणून घरातील ज्येष्ठांची कंबर वा पाठ काही आठवडे दुखत असेल, चेहरा फिकट दिसत असेल, नेहमीचा चढ चढताना नव्याने धाप लागत असेल, तर या सर्व तक्रारी एकाच भेटीत, एकाच डॉक्टरांना सांगाव्यात. जुने हिमोग्लोबिनचे अहवाल सोबत न्यावेत. रक्तगणना, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि गरजेनुसार प्रथिनांची तपासणी यांतून पुढील दिशा मिळते. धाप विश्रांतीतही लागत असेल, छातीत दुखत असेल, शौचाला काळी होत असेल किंवा पाय एकाएकी लुळे पडत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.