धोट्याला विचारा

नीती नीती म्हणून कुणी गळा काढला की मी विचारतो, कुणाची? मी गिरणीतला माणूस, धोट्याचं सांगतो. कांडी बदलली की नवं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १९११ ला हे कायद्यानं बंद केलं. का, तर क्षय पसरेल. (गोरा मालक काही साधू नव्हे!) आन् मुंबईत? हितं क्षयाची भीती नाही, आपल्या थुंकीची! सवर्ण साचेवाल्याचा धर्म बुडत होता म्हणून साचाखात्याचं दार आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. साचाखात्यात पगार जास्त होता, हे मात्र कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही.