टिपणे

मराठीत 'टिपणे' हे क्रियापद मोठे अर्थबहुल आहे. पाखरू दाणे टिपते, पदराने डोळे टिपले जातात, अभ्यासक आपली निरीक्षणे टिपून ठेवतो. आणि शिकारी नेम धरून सावज टिपतो. कॅमेरा घेऊन जंगलात जाणाऱ्यालाही आपण हेच क्रियापद बहाल केले आहे. तो वाघ 'टिपतो'. प्रश्न एवढाच, की यांपैकी कोणता अर्थ त्याच्या वाट्याला येतो? बंदूक गेली आणि कॅमेरा आला, म्हणजे हिंसा गेली आणि अहिंसा आली, असे आपण सोयीस्करपणे गृहीत धरले आहे. माझे म्हणणे असे, की बंदूक खाली ठेवली गेली असली, तरी हाका अद्याप थांबलेला नाही.

राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या शिकारीत हाकेकरी डबे-ढोल बडवीत रान पिंजून काढीत आणि जनावराला मचाणाच्या दिशेने रेटीत नेत. जनावराची वाट माणसाने ठरवावी, हे त्या खेळाचे मर्म होते. आज भेकर भुंकते, चितळ ओरडतो, आणि 'वाघ निघाला' हा निरोप वाऱ्यासारखा गाडीमागून गाडीला पोहोचतो. काही मिनिटांत पुढची वाट एका रांगेने अडते, मागची दुसऱ्या रांगेने. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह असेच दोन्ही बाजूंनी कोंडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी तेथे कोणाच्याही हातात बंदूक नव्हती. पण हाक्याची व्याख्या आणखी वेगळी ती काय असते?

हा शब्दच्छल नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आज आहे, ती केवळ ठार मारण्यापुरती नाही. पकडणे, पाठलाग करणे, हुसकून नेणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे तिच्यात येते. जनावराचा जीव वाचला म्हणून शिकार झाली नाही, असे कायदाही मानत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पर्यटकाने वन्यप्राण्यापासून २० मीटरांहून अधिक अंतर राखावे असे सांगितले आहे. हे अंतर किती ठिकाणी पाळले जाते, याची साक्ष पर्यटक स्वतःच मोठ्या अभिमानाने मिरवीत असलेली छायाचित्रे देतात.

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर गेला. त्याच्या मुळाशी अरबी 'सफर' आहे, आणि तो शब्द आपल्याही ओळखीचा आहे. सफर म्हणजे प्रवास. त्यात वाट महत्त्वाची. पण पूर्व आफ्रिकेत गोऱ्या शिकाऱ्यांनी या शब्दाला मुंडक्यांचा हिशेब चिकटवला. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस हे 'पाच मोठे' प्राणी त्यांनी निवडले, ते पायी जाऊन मारण्यास अवघड म्हणून. शिकार मागे पडली. यादी मात्र तशीच राहिली आणि कॅमेरेवाल्यांच्या हाती आली. भारतात तर ती आकसून एकाच प्राण्यापुरती उरली आहे. सांबर, गवा, रानकुत्री, अस्वल, नवरंग, मोहाची झाडे आणि मुंग्यांची वारुळे ओलांडून परतणारा पाहुणा 'काहीच दिसले नाही' असे म्हणतो. हे वाक्य मला बंदुकीच्या आवाजाइतकेच उर्मट वाटते.

या व्यवसायाच्या समर्थकांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. छायाचित्रांनी जंगलाविषयी आस्था निर्माण केली. रणथंभोरच्या 'मछली' वाघिणीचे २०१६ साली निधन झाले, तेव्हा तिला कधीही प्रत्यक्ष न पाहिलेली माणसे हळहळली. वनालगतच्या गावांतील तरुणांना वाटाड्याचे आणि चालकाचे काम मिळाले. हे मान्यच केले पाहिजे. परंतु 'पर्यटकांचे डोळे असतात म्हणून वाघ वाचतो' हे विधान मात्र इतिहासाला धरून नाही. सरिस्का हे दिल्ली-जयपूरच्या पाहुण्यांचे आवडते रान होते. तेथील शेवटचा वाघ २००४-०५ च्या सुमारास नाहीसा झाला. पन्नामध्येही पर्यटन होते. २००९ साली तेथेही वाघ उरला नाही. दोन्हीकडे पुढे बाहेरून वाघ आणावे लागले. फाटकावर पाहुण्यांची रांग असणे आणि आत रक्षण होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'आम्ही कोणाला इजा करीत नाही' हा दुसरा दावा. तो तपासायचा तर पुन्हा सफारीच्या मायभूमीकडेच जावे लागते. केनियातील मसाई मारा प्रदेशातील चित्त्यांविषयी फेम्के ब्रोखुइस यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका वितीमागे सरासरी दोनांहून अधिक बछडी वाढून स्वतंत्र होत. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात हे प्रमाण सरासरी ०.२ इतके खाली आले होते. त्या गाड्यांतील कोणी बछड्यांवर हात उगारला नव्हता. त्यांनी फक्त पाहिले, फार जवळून आणि फार वेळ पाहिले. छायाचित्रात आलेली बछडी जगाने पाहिली; न वाढलेल्या बछड्यांचे छायाचित्र कोणी काढले नाही.

मग कॅमेराच नको का? तसे मी म्हणत नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा पत्करला, आणि त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ साली निघाले. वाघाच्या नित्याच्या वाटेवर ते तार लावीत आणि निघून जात. रात्री वाघ आपल्या मर्जीने येई, तारेला त्याचा पाय लागे, आणि त्याचे चित्र तोच काढून घेई. क्षणभर प्रकाश पडून त्याला दचकायला होई, हे खरे. पण त्याची वाट कोणी अडवलेली नसे. आजचे स्वयंचलित कॅमेरे याच कुळातले. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत ते २६,८३८ ठिकाणी बसविले गेले. सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे निघाली, त्यांत वाघांची ७६,६५१ होती. त्यांतल्या एकाखालीही छायाचित्रकाराचे नाव नाही. देशात वाघ किती आणि कोठे, हे आपल्याला या निनावी चित्रांनी सांगितले. महागड्या भिंगांच्या मालकांनी नव्हे.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. ताडोबासारख्या जंगलातून वाघासाठी गावे उठवली गेली. लगतच्या गावांतील माणसे तेंदूपाने आणि मोहफुले वेचायला गेली असता वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकतात. जंगल शांत राहिले पाहिजे म्हणून ज्यांनी घरे सोडली, त्यांच्या त्यागाच्या जागी शहरातील हौशी माणूस गाडी उभी करून इंजिन घुरघुरत ठेवतो, तेव्हा तो केवळ वाघाचा अपराधी नसतो.

म्हणून मला एकच कसोटी मान्य आहे. या छायाचित्रासाठी प्राण्याला आपली वाट, आपला वेग, आपले पाणी किंवा आपली झोप बदलावी लागली का? लागली असेल, तर ते चित्र कितीही सुंदर असो, त्याला पारितोषिक देऊ नये, ते छापू नये आणि भिंतीवर लावू नये. वाघ दिसला तरच वाटाड्याला बक्षिसी, ही रीत मोडावी. त्याने जंगल किती समजावून दिले, यावर ती ठरावी. मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी मराठी वाचकाला जे जंगल दिले, ते टिपणवहीतून दिले. तासन्‌तास बसून, न दिसलेल्या प्राण्याचाही मान राखून दिले. त्या परंपरेच्या वाचकाने फाटकावर पैसे भरले म्हणून वाघावर आपला हक्क सांगू नये. प्रवेशशुल्क जंगलात शिरण्याचे असते. समोर यावे की नाही, हे वाघाने ठरवायचे असते.